रंग चढू नये अशी स्लाइड

हाश्मी सरांनी बादली स्वतः उचलून आणली होती. एरवी ऑपरेशनमध्ये काढलेला भाग वॉर्डबॉय आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि निघून जायचा. त्या दिवशी सर्जन स्वतः लॅबमध्ये आले आणि बादलीवरचं कापड बाजूला केलं.

"बघा बाईसाहेब. दोन्ही ओव्हरीच्या गाठी. हात घातला आणि निघाल्या. कुठं चिकटलेलं नाही, कुठं पसरलेलं नाही. नवऱ्याला सांगून आलो, मुळासकट निघाली म्हणून."

ओव्हरी म्हणजे बीजकोश, दोन बाजूंच्या दोन गाठी होत्या. प्रत्येक गाठ लहान नारळाएवढी. वरून गुळगुळीत, पांढरट, थोड्या उंचसखल. दिसायला खरोखरच सभ्य. सरांचा चेहरा खुलला होता. आमच्या हॉस्पिटलात अशी ऑपरेशनं फार होत नव्हती. उन्हाळा यायच्या आधीच पाणी संपलं होतं. टँकर आला तर ऑपरेशन, नाही आला तर पेशंटला परत वॉर्डात, असं चाललेलं.

"पेशंट कोण?"

"उदगीरची बाई, महादेवी नाव. नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान आहे. चाळिशीच्या आतली. पोट वाढायला लागलं तर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, दिवस गेले. मग इथं आली. बिनाईन आहे, फायब्रोमा. तुम्ही फक्त लिहून द्या."

बिनाईन म्हणजे साधी गाठ. काढली की संपली. मी सुरी घेऊन एक गाठ मधोमध कापली. आतून पांढरी आणि घट्ट, फायब्रोमा असतो तशीच. पण काही ठिकाणी सुरी सटकली. पातं वर घेतलं तर त्याला बुळबुळीत तार लागली होती. भेंडी चिरताना लागते तशी.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही. कापून ठेवते. सावकाश बघू."

सर गेले तरी मी ती तार बोटांत चोळून बघत होते.

मी पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून त्याला कोणता आजार आहे ते सांगायचं, हे माझं काम. पेशंट आम्हाला दिसत नाही, त्याचा तुकडा दिसतो. तो आधी फॉर्मलीनमध्ये ठेवतात म्हणजे कुजत नाही. मग मेणात बसवून त्याची वडी करतात, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि रंगवायचे. रंगवताना पुन्हा पुन्हा वाहत्या पाण्यात धुवायचे. आणि लातूरला नेमकं तेच नव्हतं.

जिल्हा नवा झाला होता. हॉस्पिटलची पाटी बदलली होती, पदं मंजूर झाली होती, माझी बदली त्या मंजुरीतूनच झाली होती. नळ मात्र जुनेच होते आणि कोरडे होते. आम्ही बोअरचं खारट पाणी घमेल्यात घेऊन स्लाइड त्यात बुचकळायचो. रंग कुठं गडद बसायचा, कुठं फिका. फॉर्मलीनसुद्धा त्याच पाण्यात पातळ करायचो. त्यात महादेवीच्या गाठी माझ्याकडे येईपर्यंत न कापता अख्ख्या बादलीत पडलेल्या. फॉर्मलीन आतपर्यंत पोचलंच नव्हतं.

स्लाइड तयार झाल्या तेव्हा मला हवं ते दिसेना आणि नको ते दिसायला लागलं. मधल्या भागात पेशींच्या आत बुडबुडे होते. पेशी म्हणजे शरीराची वीट. तिच्या मधोमध एक गडद ठिपका असतो, केंद्रक. या पेशींमध्ये बुडबुड्याने केंद्रक एका कडेला ढकलला होता. खड्याची अंगठी वरून बघितली तर गोल कडं दिसतं आणि एका बाजूला खडा. तशी दिसणारी पेशी. पुस्तकात तिला सिग्नेट रिंग सेल म्हणतात.

आता या बुडबुड्याचे दोन अर्थ होतात.

तुकडा फॉर्मलीनमध्ये नीट मुरला नाही की पेशीत रिकामे बुडबुडे पडतात. तो निव्वळ आमच्या कामातला दोष. शिवाय ओव्हरीच्या काही साध्या गाठींतही असे रिकामे बुडबुडे असतात. तसं असेल तर हाश्मी सर म्हणत होते ते बरोबर. बाई बरी झाली, घरी जाईल.

पण बुडबुडा रिकामा नसेल, त्यात म्युसिन भरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्युसिन म्हणजे शरीरातला चिकट बुळबुळीत स्राव. नाकात असतो, आतड्यात असतो, जठराच्या आतल्या अस्तरावर असतो. तो वाईट नाही. तो नसता तर जठरातल्या आम्लानं जठरच खाल्लं असतं. पण ओव्हरीच्या घट्ट गाठीत, अंगठीसारख्या पेशीत म्युसिन सापडलं, तर त्या पेशी बहुधा तिथल्या नसतात. दुसरीकडून आलेल्या असतात. आणि बहुतेक वेळा जठरातून. जठरात कॅन्सर गुपचूप वाढत असतो आणि त्याच्या पेशी खाली दोन्ही ओव्हरींत उतरलेल्या असतात. गाठी काढल्या तरी कॅन्सर वर तसाच असतो.

साध्या रंगात म्युसिन आणि रिकामी जागा यांतला फरक खात्रीनं कळत नाही. त्यासाठी म्युसिकार्मिन नावाचा खास रंग लागतो. एका परदेशी किड्यापासून काढतात तो. म्युसिन असेल तर लालभडक होतं, नसेल तर होत नाही. आमच्या कपाटात म्युसिकार्मिनची एक बाटली होती. बुडाशी सुकून खपली झालेली.

हाश्मी सरांनी विचारलं, "रिपोर्ट झाला का? टाके काढले की सोडायचंय तिला."

"अजून थांबा, सर. मला शंका आहे."

"कसली?"

"जठराची."

ते हसले. "बाईसाहेब, गाठ ओव्हरीची. मी माझ्या हातानं काढली. तुम्हाला खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"नाही म्हणूनच थांबा म्हणते."

पॅथॉलॉजिस्ट वॉर्डात जात नाही, तशी पद्धत नाही. मी गेले. खिडकीजवळच्या खाटेवर महादेवी उशीला टेकून बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. खाली सतरंजीवर तिची मुलगी फिजिक्सचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्ही कोण वो मॅडम?" महादेवीनं विचारलं. "या वॉर्डात कवा दिसल्या न्हाईत."

"मी लॅबची डॉक्टर. तुमच्या गाठी माझ्याकडे आल्यात."

"मग? निघाल्या न्हवं समद्या?"

"निघाल्या. एकच विचारायचं होतं. जेवण कसं जातं तुम्हाला?"

"जातंय की. दोन घास खाल्ले की पोट भरतंय. तिसरा गिळवत न्हाई."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून आसंल. कवा कवा उलटी व्हती. आंबट."

मुलीनं मान वर केली. "अव्वाच्या बांगड्या कोपरापत्तूर सरकायलेत, मॅडम. आधी मनगटावर घट्ट व्हत्या."

"गप ग गिरजा. दुष्काळात कोण पोटभर जेवायलंय?"

"आपल्या दुकानात धान्य हाय, अव्वा," गिरजा म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागली. पान मात्र उलटत नव्हती.

महादेवीला मुलीबद्दलच बोलायचं होतं. गिरजा लातूरच्या कॉलेजात बारावी सायन्सला होती, आत्याकडे राहून शिकत होती. दहावीनंतर घरात सगळे म्हणत होते, पुरे झालं. महादेवी एकटी अडून बसली. स्वतः एसटीत बसून पोरीला लातूरला आणलं आणि कॉलेजात नाव घातलं. "मी चौथीपत्तूरच. मला वाचाया येतंय, पण समजत न्हाई. हिला समजतंय. हिला तुमच्यावानी करायचंय बघा."

मी तिच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या खरंच सैल होत्या.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक रुमालात गुंडाळला आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा, दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानं. नांदेडला मीराची लॅब होती. ती औरंगाबादला माझ्याच वर्गात शिकलेली. तिच्याकडे ताजं म्युसिकार्मिन होतं, आणि गोदावरी आटत आली असली तरी तिच्या नळाला पाणी येत होतं. नळ सोडला आणि धार लागली. मी उगाच हात धुत उभी राहिले.

"तुला काय वाटतं?" मीरानं विचारलं.

"फायब्रोमा असावा असं वाटतं."

"असावा, की तसा असायला हवाय तुला?"

पेशंटला प्रत्यक्ष बघितलं की हे असं होतं. कदाचित म्हणूनच आमच्यात वॉर्डात न जाण्याची पद्धत असावी.

तिनं ब्लॉकचे काप काढले. सोबत आतड्याच्या एका जुन्या तुकड्याचा काप घेतला. त्याला कंट्रोल म्हणतात. आतड्यात म्युसिन असतंच. तेव्हा आतडं लाल झालं तर समजायचं, रंग चांगला आहे, आणि मग दुसऱ्या स्लाइडवर जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा. दोन्ही स्लाइड बरोबरच रंगात गेल्या आणि बरोबरच नळाखाली धुतल्या गेल्या.

आधी कंट्रोल बघितला. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल थेंब, अगदी स्वच्छ. रंग उत्तम होता.

मग महादेवीची स्लाइड. मीरानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. फोकस फिरवला आणि मग खुर्ची मागे सरकवून उठली.

मी बसले. पिवळ्या तंतूंमध्ये विखुरलेल्या अंगठ्या दिसत होत्या. प्रत्येकीच्या पोटात लाल थेंब आणि कडेला चेपलेला काळा खडा. नीट मुरलेल्या कडेच्या भागातही होत्या, म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. एक रिकामी सापडेल म्हणून मी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. रिकाम्या होत्याही, पण त्यांनी काय फरक पडणार?

"दुसरा रंग करू या का?" मीरा म्हणाली.

केला. उत्तर तेच आलं.

तिनं चहा मागवला. दोघींनी तो तसाच गार होऊ दिला. निघताना ती म्हणाली, "तू शोधलंस म्हणून कळलं तरी. नाहीतर कुणाला कळलं नसतं." ती चांगल्या मनानं म्हणाली. मला ते परतीच्या एसटीत फार टोचत राहिलं. कळून करायचं काय होतं? त्या काळी या आजाराला इथं औषध नव्हतं. मुंबईला सलाईनमधून काही औषधं द्यायचे, पण इतका पसरलेला आजार त्यानं हटत नव्हता.

हाश्मी सरांना मी उभ्यानंच सांगितलं. "सर, ओव्हरीचा नाही. म्युसिन पॉझिटिव्ह आहे. जठर बघायला पाहिजे."

सर खुर्चीत बसले. "मी खालून पोट उघडलं होतं," ते म्हणाले. "वर हात पोचत नाही." मग टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथंच ठेवला. "नवऱ्याला सांगितलं होतं मी. मुळासकट निघाली म्हणून. पेढे घेऊन आला होता तो."

दुर्बिणीची तपासणी तेव्हा आमच्याकडे नव्हती. बेरियम पाजून एक्स-रे काढला. बेरियम म्हणजे खडूसारखं पांढरं औषध, ते जिथून जातं तिथला आकार फोटोत उमटतो. निरोगी जठर घास आला की फुगतं. महादेवीचं फुगत नव्हतं. आखडलेली, ताठ झालेली पिशवी. पुस्तकात त्याला चामड्याची बाटली म्हणतात. आमच्याकडे पखाल म्हटलं की कळतं, वाळून कडक झालेली पखाल. तिला दोन घासांत पोट का भरायचं ते फोटोत दिसत होतं.

नवऱ्याला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शिवलिंगप्पा, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. उंच, कमी बोलणारा माणूस, धोतर आणि पांढरी टोपी. सर समजावत होते, मी बाजूला उभी होते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पर गाठी तर निघाल्या म्हणत व्हते तुम्ही?"

सरांना तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

आप्पा स्लाइड घेऊन हैदराबादला गेले. मी स्वतः त्या कापसात बांधून दिल्या. मोठा डॉक्टर मला चुकीचं ठरवेल अशी आशा त्यांना होती. खरं सांगायचं तर मलाही होती. स्वतःचं निदान चुकावं असं मला नोकरीत फार वेळा वाटलेलं नाही. आप्पा परत आले तेव्हा दारातच उभे राहिले. "त्येंनी बी तेच सांगितलं," म्हणाले आणि पुडकं माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आता प्रश्न होता महादेवीला सांगायचं की नाही. सर म्हणाले, "अजिबात नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी सुखानं जाऊ द्या." आप्पांचंही तेच म्हणणं. मला पटलं नव्हतं, पण ती माझी पेशंट नव्हती. मी गप्प बसले.

गप्प बसणं महादेवीनंच संपवलं. एका दुपारी ती भिंतीला धरत धरत लॅबपर्यंत चालत आली. गिरजा कॉलेजला गेली होती. पोट पुन्हा वाढायला लागलं होतं, या वेळी पाण्यानं. ती स्टुलावर बसली. धाप लागली होती.

"मॅडम, समदे माझ्याशी गोड बोलायलेत. सासूबाई बी. तवाच मी वळखलं. तुम्ही मला जेवणाचं इचारलं व्हतं. त्या दिशी माझ्या पोटाचं कुणीबी इचारलं न्हाई, तुम्हीच इचारलं. काय हाय ते सांगा."

मी सांगितलं. सोप्या शब्दांत, पण सगळं. जठरात आहे, तिथून खाली उतरलंय, काढता येणार नाही.

ती रडली नाही. "आंब्याच्या दिवसांपत्तूर ऱ्हाईन का?"

"सांगता येत नाही."

"म्हंजे न्हाई."

मी तिचा हात धरला. ती खिडकीबाहेर टँकरपाशी लागलेली घागरींची रांग बघत होती. मग म्हणाली, "गिरजाचं लगीन करून टाकते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बाई, तिची परीक्षा आहे आता. तुम्हीच तर तिला शिकवायचं म्हणत होता."

"म्हणत व्हते. मी ऱ्हाणार असं धरून म्हणत व्हते." आवाज शांत होता, दुकानात हिशेब समजावून सांगावा तसा. "मी गेल्यावर तिचं कोण बघणार? आप्पाला लोकं दुसरी करून देतील. नवी बाई येईल. ती काय हिला शिकवती? कुठंबी ढकलून देतील पोरीला. त्यापरीस मी हाय तवर चांगलं घर बघते. देगलूरचं एक ठिकाण हाय, माणसं माझ्या माहेरच्या वळखीची हायत. माझ्या हातानं देते, म्हंजे मला काळजी न्हाई."

"आप्पांशी बोललात का तुम्ही? ते शिकवतीलही तिला."

"तुम्हाला लेक हाय का मॅडम?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

मी आणखी बोलले. थोडं थांबा, परीक्षा तरी होऊ द्या, निकालानंतर बघा. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला कळत होतं की ती फक्त माझा मान राखतेय. तिनं ठरवलं होतं. आणि ठरवायला लागणारी माहिती मीच तिला दिली होती.

दोन-चार दिवसांनी गिरजा आली. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"मॅडम, तो रंग चुकू शकतो का?"

"चुकू शकतो. म्हणून बरोबर दुसरी स्लाइड ठेवतो, माहितीची. ती बरोबर आली तर ही बरोबर."

"ती बरोबर आली?"

"हो."

"मला दाखवाल?"

दाखवावी का नाही, मला कळेना. मग मी मायक्रोस्कोप पुढे सरकवला. तिनं कॉलेजात शिकवल्याप्रमाणे आधी आरसा नीट केला, फोकस हळूहळू फिरवला. बराच वेळ बघत राहिली.

"या लाल गोल गोल? अंगठीसारख्या?"

"त्याच."

"किती छान दिसायलेत," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला. तिनं डोळा मात्र काढला नाही. "ह्या अव्वाच्या हायत."

"लग्नाला तू हो म्हणालीस?"

"अव्वाला न्हाई कसं म्हणू? ती रात्रंदिवस तेच बोलायली. हो म्हणलं की थोडं दूध पिती."



लग्न उदगीरला झालं, बारावीच्या प्रॅक्टिकल्सच्या आठवड्यात. मला बोलावणं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. हाश्मी सर गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, महादेवीला मांडवात खाटेवर आणून ठेवलं होतं. नवी साडी नेसवली होती, पोटावर ती बसत नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा तिला हात वर करता आला नाही, म्हणून तिच्या सासूनं तिचा हात धरून टाकायला लावल्या. लोक म्हणत होते, नशीबवान आहे, डोळ्यांदेखत पोरीचं झालं. गिरजा गाडीत बसताना मागे वळून बघत होती आणि महादेवीला तोवर ग्लानी आली होती. तिनं पोरीला जाताना बघितलंच नाही.

आंबे बाजारात यायच्या आत ती गेली. शेवटी घोटभर पाणीही आत ठरत नव्हतं.

गिरजा परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिची खबर मला हाश्मी सरांकडून कळायची, मग त्यांची बदली झाली आणि तीही बंद झाली.

काही वर्षांनी एका शिबिरासाठी मी उदगीरला गेले होते. बाजारात आप्पांचं दुकान दिसलं. मी आत गेले. त्यांनी ओळखलं, गादी झटकून बसायला दिलं, पाणी दिलं. दुकानात ते एकटेच होते. मी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग घरी कोण असतं म्हणून विचारलं.

"म्हातारी हाय आन् मी. आनखी कोण असणार?"

"तुम्ही पुन्हा लग्न..."

"न्हाई केलं. लोकांनी लई जोर लावला. मी न्हाई म्हणलो." ते वजनाची मापं एकात एक रचत होते. "गिरजीला दोन पोरं झालीत. बरं हाय तिचं. घर चांगलं हाय. पर हुशार व्हती वो पोरगी. तिच्या मास्तरनं मला दुकानात येऊन सांगितलं व्हतं. मी शिकवलं असतं तिला. महादेवीनं ते लग्नाचं काय डोक्यात घेतलं, मला कळलंच न्हाई. मरणाऱ्या बाईला न्हाई कसं म्हणावं, म्हणून मी बी हो म्हणलं. मला वाटलं, तिला हौस हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यापाशी काय बोलली व्हती का ती? का करायचंय म्हणून?"

ती काय बोलली होती ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. आप्पाला लोकं दुसरी करून देतील. समोर तो माणूस एकटा बसला होता.

"तुमच्या मुलीची काळजी वाटत होती त्यांना," मी म्हणाले.

"ती तर मला बी वाटत व्हती," आप्पा म्हणाले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते उठले.

नंतर मी शिकवायला लागले तेव्हा ही केस दर वर्षी सांगायची. मुलं स्लाइड बघून खूश व्हायची, कारण इतक्या स्पष्ट अंगठ्या सहसा बघायला मिळत नाहीत. मी त्यांना दुकानाचं सांगत नसे, गिरजाचंही नाही. वहीत उतरवण्यासारखं होतं तेवढंच सांगायची. दोन्ही ओव्हरींत घट्ट गाठी असतील आणि बाईला दोन घासांत पोट भरत असेल, तर सुरी हातात घेण्याआधी जठर बघा. गाठ कापताना पातं बुळबुळीत झालं, तर म्युसिनचा रंग केल्याशिवाय साधी गाठ म्हणून लिहू नका. आणि पेशंटला जेवण जातं का, हे कुणीतरी विचारा.

त्यानं बाई वाचत नाही. तिचं एक ऑपरेशन वाचतं.